तेलाने ओझे हलके होत नाही



२०१९ च्या जून महिन्यातली एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागाने इंदूरहून सुटणाऱ्या ३९ गाड्यांमध्ये प्रवाशांना डोक्याची व पायांची मालिश करून देण्याची योजना जाहीर केली होती. दर १०० ते ३०० रुपये. त्यातून रेल्वेला वर्षाला सुमारे २० लाख रुपये मिळतील, असा हिशेब मांडला गेला. इंदूरच्या माजी खासदार सुमित्रा महाजन यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून, महिला प्रवाशांसमोर हे शोभेल काय, असा प्रश्न विचारला. वर्तमानपत्रांतून थट्टा झाली आणि काही दिवसांतच, सुरू होण्याआधीच, योजना मागे घेण्यात आली.

त्या वादात उत्पन्नाचा विचार झाला, संस्कृतीचा झाला, प्रवाशांच्या सोयीचा झाला. दोन माणसांचा विचार मात्र कोणीच केला नाही. पहिला, हलत्या डब्यात तोल सांभाळत दुसऱ्याचे पाय चेपणारा. त्याला पगार किती, त्याचे तास किती, त्याचा विमा कोणाकडे? दुसरा, ज्या रुळांवरून ती गाडी धावणार होती ते रूळ पाठ वाकवून नीट ठेवणारा ट्रॅकमन. त्याच्या पाठीला हात लावायला रेल्वेत कोण आहे?

आज या दोघांबद्दल लिहायचे आहे. विषय मालिशचा आहे. कामगार चळवळीच्या पत्रात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

मी का हसलो

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेच्या सर्वसाधारण सभेत पीएनएमसाठी विषय गोळा करणे चालू होते. क्वार्टर्सची गळती, बूट आणि रेनकोट, थकलेला टीए, नामंजूर होणाऱ्या रजा, असे नेहमीचे विषय आले. मागच्या रांगेतून एक जुना ट्रॅकमन उठला आणि म्हणाला, "भाऊ, पाठ चोळणारा माणूस मागा आमच्यासाठी." सभा हसली. मीही हसलो आणि माईकवरून म्हणालो, "मामा, मग पंखा घालायलाही एक माणूस मागू का?" पुन्हा हशा झाला आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

सभा संपल्यावर चहाच्या टपरीशी तो माझ्याजवळ आला. काही न बोलता त्याने सदरा वर केला. कमरेवर डाग दिल्याच्या जुन्या खुणा होत्या, वर मलमपट्ट्या चिकटवलेल्या. म्हणाला, "तीस वर्षं बीटर मारलाय, भाऊ. दवाखान्यात गोळी मिळते. गोळीनं पोट जळतं. घरी बायको तेल लावायची, पण आता तिचेही हात गेलेत. मी चैन नाही मागितली."

मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही. आपण आठ तासांचा लढा लढलो, बोनसचा लढलो, महागाई भत्त्याचा लढलो. पण हे सर्व ज्या शरीराच्या जोरावर मिळवायचे, त्या शरीराबद्दल आपली समज किती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. तेव्हापासून जे वाचले, डॉक्टरांना व फिजिओथेरपिस्टना विचारले आणि कामगारांकडून ऐकले, त्याचा सारांश पुढे देतो.

मालिश ही चैन नव्हे

मालिश म्हटले की हल्ली मोठ्या हॉटेलातील मंद दिवे डोळ्यांसमोर येतात. ही समजूत नवी आहे. आपल्याकडे मालिश कष्टकऱ्याच्या घरातच वाढली. बाळ जन्मले की त्याला आणि बाळंतिणीला तेल लावणारी बाई येते. दिवाळीच्या पहाटे गरिबाच्या घरीही तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान होते. कोल्हापूरच्या तालमीत मेहनत झाली की मल्लाचे अंग रगडले जाते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत अभ्यंग हा दिनचर्येचा भाग सांगितला आहे, आणि डोके, कान व तळपाय यांना तेल लावण्यावर विशेष भर दिला आहे. केरळात याच विद्येची स्वतंत्र आणि मोठी परंपरा आजही चालू आहे.

परदेशातही मालिशचे शास्त्र झाले. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची सरकारी संस्था सुरू केली. तेथून शरीराच्या उपचारी हालचालींची पद्धत युरोपभर पसरली. पुढे हॉलंडचे डॉक्टर योहान मेत्झगर यांच्या परंपरेत मालिशच्या हातांचे प्रकार ठरले आणि त्यांची फ्रेंच नावे रूढ झाली. नावे फ्रेंच असली तरी हात आपल्या ओळखीचेच आहेत. पहिला, तळहाताने लांब हात फिरवणे. दुसरा, कणीक मळावी तसा स्नायू मळणे. तिसरा, अंगठ्याने किंवा बोटांनी एका जागी घासणे. चौथा, थापटणे. पाचवा, हाताने कंप देणे. जगातील बहुतेक मालिश या पाच हातांच्या मिश्रणातूनच होते.

आणि एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद हे कंपनीच्या फौजेतून पुढे आयर्लंडला व तेथून इंग्लंडला गेले. ब्रायटन गावी त्यांनी वाफेचे स्नान आणि चंपी यांचे उपचारगृह काढले. इंग्लंडचे राजे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम यांनी त्यांना आपल्या पदरी नेमले. आज आपण केसांना लावतो तो 'शॅम्पू' हा शब्द मुळात 'चांपणे', म्हणजे दाबणे, यावरून तिकडे गेला. आपल्या रस्त्यावरच्या चंपीवाल्याची विद्या राजवाड्यापर्यंत गेली, चंपीवाला मात्र रस्त्यावरच राहिला. १९५७ च्या 'प्यासा' चित्रपटात जॉनी वॉकरने हा चंपीवाला रंगवला. सारा देश त्याच्यावर खूश झाला, पण त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न कोणाच्या विषयपत्रिकेवर आला नाही.

आपली शरीरे कशी झिजतात

आता आपल्या कामाकडे पाहू. आजच्या मुख्य मार्गावरील रुळाचे वजन एका मीटरला ६० किलो असते. काँक्रीटचा एक स्लीपर अडीचशे किलोंच्या वर भरतो. टॅम्पिंगची यंत्रे आली हे खरे, पण यंत्र गेल्यावर मागे राहिलेले काम, पॉइंटजवळचे काम, पावसाळ्यात खचलेल्या जागेचे काम आजही पहार, फावडे आणि बीटर यांनीच होते. वाकलेली कंबर, गुडघ्यात ताण आणि हातांना प्रत्येक घावाचा हादरा. कीमन दिवसभर खडीवरून चालतो. खडीवर पाय कधी सपाट पडत नाही. त्याचा घोटा आणि गुडघा याचा हिशेब पन्नाशीत मागतात. मालगाडीचा ट्रेन मॅनेजर ब्रेकव्हॅनमध्ये तासन्‌तास धक्के खातो. लोको पायलटची पाठ आणि मान इंजिनाच्या कंपात असते.

टपालातील बांधवांचेही हेच. आरएमएसमध्ये खान्यांसमोर उभ्याने सॉर्टिंग, मग बॅगा उचलणे, फेकणे, पुन्हा उचलणे. पत्रे कमी झाली म्हणतात, पण पार्सले वाढली, आणि पार्सल पत्रासारखे हलके नसते. पोस्टमनच्या एका खांद्यावर वर्षानुवर्षे थैली, म्हणून एक खांदा कायम उतरलेला. काउंटरवर संगणकापुढे बसणाऱ्या भगिनीची मान आणि मनगट दुखते. ग्रामीण डाक सेवक चढउताराच्या रस्त्यावर सायकल मारतो, आणि त्याला तर सीजीएचएसचाही आधार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तेव्हा हे दुखणे एकट्यादुकट्याचे नाही. पण साहेबाच्या कंबरदुखीला विश्रांती मिळते आणि गँगमधल्या माणसाच्या कंबरदुखीला गोळी मिळते, हा फरक आहे.

मालिशने काय होते, काय होत नाही

येथे खरे तेच सांगितले पाहिजे. चळवळीच्या माणसाने खोटी आशा विकू नये.

मालिशने आखडलेला स्नायू सैल होतो, दुखणे काही काळ कमी होते, झोप बरी लागते, मन हलके होते. कंबरदुखीवरील मालिशच्या २५ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे तात्पर्य असे की थोड्या काळापुरता आराम मिळतो असे दिसते, पण पुरावा पक्का नाही आणि दीर्घकाळ फायदा टिकतो असे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन जाहीर केले. त्यात उपचारांच्या यादीत मालिशला जागा आहे, पण ती रुग्णशिक्षण, व्यायाम आणि इतर उपचारांच्या जोडीने. त्याच मार्गदर्शनात कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणे हे उपाय सरसकट करू नयेत, असे म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा देऊन कामावर परत पाठवण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल प्रशासनाला विचारण्यासारखा हा मुद्दा आहे.

मालिशने जे होत नाही तेही लक्षात ठेवावे. 'अंगात साचलेले विष बाहेर निघते' हे खरे नाही. श्रमाने स्नायूत जे आम्ल तयार होते ते तास-दोन तासांत शरीर स्वतःच आवरते. सरकलेली गादी अंगठ्याने दाबून जागेवर बसत नाही. मोडलेले हाड रगडून जुळत नाही.

आमच्या भागातील एका कीमनची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीवर त्याचा पाय खडीवरून घसरला आणि घोटा सुजला. सकाळी तो दवाखान्यात गेला, तर तेथे फोटो न काढता वेदनाशामक गोळ्या आणि दोन दिवसांची रजा मिळाली. दुखणे थांबेना म्हणून गावाकडे ओळखीच्या माणसाकडून त्याने आठ दिवस तेल लावून पाय ओढून घेतला. नंतर बाहेर फोटो काढला तर हाड मोडलेले निघाले. आज तो लंगडतो. हलक्या कामासाठी त्याला किती अर्ज करावे लागले, ते मी जाणतो, कारण अर्ज मीच लिहिले. यात त्या तेल लावणाऱ्याचा दोष किती आणि दवाखान्याचा किती, हे वाचकांनी ठरवावे. माझे म्हणणे एवढेच की जेथे शिकलेला हात मिळत नाही, तेथे माणूस मिळेल त्या हाताकडे जातो.

म्हणून पुढील गोष्टी कात्रण काढून गँग हटमध्ये आणि सॉर्टिंग हॉलमध्ये लावाव्यात.

ताज्या मुक्या मारावर पहिले दोन दिवस रगडू नये, थंड शेक द्यावा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर मालिश अजिबात करू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप असेल, कातडीवर फोड किंवा जखम असेल तर करू नये. मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराने दाबू नये. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली शक्ती गेली तर त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. छातीत दाबून आले आणि डावा हात दुखू लागला तर तो स्नायूचा आखडा समजून चोळत बसू नये.

आणि केस कापून झाल्यावर मान झटक्याने मोडून घेण्याची सवय सोडावी. असा झटका बसून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.

साधी मालिश मात्र एकमेकांना करता येते. हात धुवावेत, तेल कोमट करावे. पाठीच्या मणक्यावर दाब देऊ नये, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर द्यावा. हात-पाय चोळताना जोर हृदयाच्या दिशेने असावा. आधी हलका हात, मग मळणे, शेवटी पुन्हा हलका हात. ज्याला मालिश चालू आहे त्याला श्वास रोखावा लागत असेल तर जोर जास्त होत आहे असे समजावे. दहा-पंधरा मिनिटे पुरे होतात. त्यानंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम करावा, कारण टिकाऊ फायदा व्यायामाने होतो.

एक गोष्ट पुरुष बांधवांसाठी. आपल्या घरात पाय कोणाचे चेपले जातात आणि कोण चेपते, हे पाहावे. ट्रॅकवर आता भगिनीही आहेत, टपालात तर आहेतच. ड्यूटी करून, पाणी भरून, भाकरी थापून ती रात्री सगळ्यांना तेल लावते. तिच्या पाठीला कोण लावते?

ज्याचे हात आहेत तोही कामगार आहे

आता दुसऱ्या माणसाकडे वळू, म्हणजे मालिश करणाऱ्याकडे.

१८९४ साली लंडनमध्ये मालिशगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर वैद्यकीय पत्राने झोड उठवली. प्रामाणिकपणे मालिशचे काम करणाऱ्या परिचारिकांची त्यात नाहक बदनामी होऊ लागली. तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. नियम ठरवले, परीक्षा ठेवल्या, डॉक्टरांच्या सूचनेनुसारच काम करायचे असे ठरवले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्याचे मोठे काम मालिश करणाऱ्या स्त्रियांनी केले. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. १९४४ मध्ये तिचे नाव फिजिओथेरपीची संस्था असे झाले आणि १९७६ पासून ती कामगार संघटना म्हणूनही काम करते. म्हणजे आज ज्याला आपण फिजिओथेरपी म्हणतो, तिच्या मुळाशी बदनाम झालेल्या कामगार स्त्रियांची एकजूट आहे. आपल्याकडेही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, त्यामागे पोलिओच्या साथीने अधू झालेली मुले होती. २०२१ मध्ये केंद्राने या व अशा इतर आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपी आहे. रस्त्यावरचा मालिशवाला मात्र कोणत्याच परिषदेत बसत नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. तेथे मालिशचा परवाना कायद्याने फक्त दृष्टिहीनांसाठी राखीव आहे. डोळस मालिशवाल्यांच्या तक्रारीवरून २००६ च्या मे महिन्यात तेथील घटनापीठाने ही राखीवता घटनाबाह्य ठरवली. तेव्हा अंध कामगार रस्त्यावर उतरले. हान नदीवरच्या पुलावर त्यांनी ठाण मांडले, काहींनी नदीत उड्या घेतल्या. त्याच वर्षी संसदेने नवा कायदा करून तो हक्क परत दिला आणि २००८ मध्ये घटनापीठाने तो मान्य केला. डोळस मालिशवाल्यांनाही पोट आहे, हा प्रश्न तेथे उरलाच. पण ज्यांना जगाने दयेचे धनी मानले, त्यांनी 'दया नको, काम हवे' हे लढून दाखवले, ही गोष्ट आपल्याला कळण्यासारखी आहे.

आणि आपल्या स्टेशनबाहेरचा तेलाच्या बाटल्या वाजवणारा माणूस? हे काम पूर्वी बलुतेदारीत जातीला बांधलेले होते, म्हणून त्याला किंमत नव्हती. आज पोटासाठी दूरच्या प्रांतातून आलेला कोणीही ते करतो, तरी किंमत नाहीच. दिवसभर दुसऱ्याचे अंग दाबून त्याचे अंगठे आणि मनगटे जातात. त्याच्या अंगठ्याला तेल लावणारा कोणी नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने रस्त्यावर सेवा देणाऱ्यालाही पथविक्रेता मानले आहे, म्हणजे त्याला सर्वेक्षणाचा आणि प्रमाणपत्राचा हक्क आहे. पण तोच कायदा रेल्वेच्या जमिनीला, आवाराला आणि गाड्यांना लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे स्टेशनच्या कुंपणाबाहेर तो हक्कदार, आणि दोन पावले आत आला की गुन्हेगार. रेल्वेच्या आवारात राहून, त्याच्याकडून थकलेल्या रात्री खांदे चेपून घेऊन, आपण रेल्वे कामगारांनी या गोष्टीकडे डोळेझाक करावी काय?

आपण काय मागायचे

एक धोका येथेच सांगितला पाहिजे. उद्या प्रशासन एखाद्या डेपोत मालिशची खुर्ची बसवील, फीत कापून फोटो काढील आणि सांगेल की कामगार कल्याण झाले. गँगमधली रिक्त पदे तशीच, दहा माणसांचे काम सहा माणसांवर, आणि वर मालिशची खुर्ची. हे आपल्याला नको. तेलाने पाठ मऊ होते, ओझे हलके होत नाही. ओझे संघटनेने हलके होते. महाराष्ट्राच्या हमाल-माथाडी बांधवांनी हे शिकवले. त्यांनी लढून १९६९ चा कायदा मिळवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९६७ चा कमाल वजनाचा करार भारताने २०१० मध्ये मान्य केला आहे. त्यासोबतच्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सांगितली आहे. स्त्रियांसाठी ती याहून बरीच कमी असावी असे म्हटले आहे. आपल्या बॅगा, आपली हत्यारे, आपली पार्सले या तराजूत घालून पाहिली पाहिजेत.

तेव्हा माझ्या मते प्रत्येक शाखेने पुढील मागण्यांचा ठराव करून पीएनएम आणि जेसीएमच्या योग्य त्या स्तरावर पाठवावा.

१. रेल्वेच्या प्रत्येक विभागीय रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची पदे पूर्ण भरावीत आणि गँगच्या मुख्यालयी त्यांची ठरावीक दिवशी फेरी असावी. शंभर किलोमीटर प्रवास करून पाठ दाखवायला जाणे हा उपचार नव्हे.

२. टपाल कर्मचाऱ्यांना फिजिओथेरपीसाठी विनासायास शिफारसपत्र मिळावे आणि ग्रामीण डाक सेवकांना या सोयीत घ्यावे.

३. पाठ, खांदा, गुडघा यांच्या तक्रारींची नोंद कामाच्या प्रकारासह ठेवावी. नोंद नसेल तर उद्या दाव्याला आधार राहत नाही.

४. उचलायच्या वजनाची मर्यादा, हत्यारांची सुधारणा, गँगची मंजूर संख्या आणि पूर्ण विश्रांती यांना या प्रश्नाशी जोडूनच मांडावे.

५. जवळच्या मालिशवाल्यांना ई-श्रम नोंदणीसाठी आणि पथविक्रेता प्रमाणपत्रासाठी शाखेने मदत करावी. फॉर्म भरून देणे आपल्याला येते, तेवढे तरी करावे.

आमच्या शाखेने हा विषय पुढच्याच पीएनएममध्ये घातला होता. उत्तर आले, 'विचाराधीन'. पुन्हा घातला, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा घालणार आहोत. आठ तासांची ड्यूटीही एकदा विचाराधीनच होती.

ज्या मामांच्या बोलण्यावर मी हसलो होतो, ते मध्यंतरी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल-श्रीफळ दिले. शाल अंगावर घेताना त्यांना हात पूर्ण वर करता आला नाही, मागून दोघांनी ती पांघरली. भाषणात मी त्यांच्या सेवेचे कौतुक केले. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला त्यांची क्षमा मागायची होती, आणि सर्वांसमोर ते धैर्य झाले नाही. ती क्षमा आज या पत्रातून मागतो. सभेत पुढच्या वेळी कोणी उठून आपल्या पाठीबद्दल बोलला, तर बंधूंनो, हसू नका. इतिवृत्तात लिहून घ्या.